डायलची रेघ आणि आईचा मण

(आपल्या प्रशिक्षण केंद्रातील टर्नर तुकडीच्या समारोपाच्या दिवशी केलेले भाषण)



समारोपाच्या दिवशी मी काय बोलते हे इथल्या जुन्या सेवकांना पाठ झालं आहे. खरं बोला, दारूपासून दूर राहा, पगार झाला की घरी पैसे पाठवा, रविवारची भक्ती चुकवू नका. ते सगळं आजही लागू आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. आज मी लेथच्या डायलवर बोलणार आहे. गुरुजी हसताहेत. त्यांचं हसणं बरोबर आहे. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करून या कामात आलेली बाई. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी लेथच्या हँडलला हातही लावला नव्हता. पण डायलवरच्या एका रेघेपायी आपला एक मुलगा आपण जवळजवळ गमावला, तेव्हा ती रेघ काय आहे हे मी गुरुजींकडे बसून शिकून घेतलं.

ज्यांनी लेथ पाहिलेलं नाही त्या आईवडिलांसाठी आधी थोडं सांगते. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभार तिला हात लावून आकार देतो. लेथवर तसं लोखंड फिरतं. चकमध्ये घट्ट धरलेली गोल सळई गरगर फिरते, तिला जॉब म्हणतात. तिच्या अंगाला टणक टूल टेकवलं की तिची साल निघत जाते. हे टूल जॉबच्या दिशेने आत-बाहेर नेणारा जो भाग, ती क्रॉस स्लाइड. तिला एक हँडल असतं आणि हँडलच्या मागे एक कडं. त्या कड्यावर बारीक रेघा कोरलेल्या असतात. तोच डायल. हँडल फिरवलं की आतला स्क्रू फिरतो, टूल सरकतं, आणि किती सरकलं ते रेघा मोजून समजतं.

आता मला एक सांगा. रसवंतीवर ऊस सोलताना तुम्ही पाहिला आहे. चहूकडून एक सूत जाडीची साल काढली तर ऊस किती बारीक होतो? एक सूत नव्हे, दोन सूत. कारण साल या बाजूनेही गेली आणि त्या बाजूनेही गेली. लेथवर हेच होतं. टूल एकाच बाजूने १ मिलिमीटर आत जातं, पण जॉब फिरत असल्यामुळे चहूकडून तेवढं लोखंड निघतं, आणि जॉबचा व्यास २ मिलिमीटरने कमी होतो. टूल चालतं त्रिज्येवर. टर्नर मायक्रोमीटर लावून मोजतो तो व्यास.

इथेच सगळा प्रश्न आहे. मशीन बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एका तऱ्हेचा डायल टूल किती सरकलं तेवढंच सांगतो. त्याच्या एका रेघेला ०.०५ मिलिमीटर म्हटलं, तर टूल ०.०५ आत जातं आणि व्यास ०.१० ने कमी होतो. दुसऱ्या तऱ्हेचा डायल व्यास किती कमी होईल ते सांगतो. त्याच्याही रेघेला ०.०५ च म्हणतात, पण टूल प्रत्यक्षात त्याच्या निम्मं, म्हणजे ०.०२५ सरकतं, आणि व्यास बरोबर ०.०५ ने उतरतो. गुरुजींच्या भाषेत पहिला रेडियसचा डायल आणि दुसरा डायाचा डायल. दिसायला दोन्ही सारखे असतात. तीच कडी, तशाच रेघा, तेच आकडे.

यातला कुठलाही डायल खोटा नाही. डायाच्या डायलवर टर्नरचं मनातलं गणित वाचतं. मायक्रोमीटरवर जेवढं जास्त दिसलं, तेवढंच डायलवर द्यायचं. रेडियसच्या डायलवर स्लाइड खरोखर किती हलली ते कळतं, आणि खाचेची खोली देताना ते सरळ उपयोगी पडतं. दोघंही खरं बोलतात. फक्त प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल खरं बोलतो.

आता त्या मुलाबद्दल. त्याचं नाव मी घेणार नाही. तो आज इथेच बसला आहे आणि हे सांगायला त्यानेच मला परवानगी दिली आहे. धडगावकडच्या एका पाड्यावरचा मुलगा. वडील नाहीत, आई मजुरी करते. आपल्याकडे तो एक वर्ष शिकला. मायक्रोमीटर धरायला त्याच्याइतका हलका हात त्या तुकडीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. शिक्षण संपल्यावर शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्याला काम लागलं. तिथे मिरची कांडपाच्या आणि रसवंतीच्या मशिनींचे शाफ्ट बनतात.

तिसऱ्या आठवड्यात त्याला एक शाफ्ट दिला. त्याच्या टोकाला ६२०८ नंबरचं बेअरिंग बसायचं होतं. त्या बेअरिंगचं भोक ४० मिलिमीटरचं असतं, म्हणजे शाफ्टचं ते टोक ४० ला आणायचं, आणि तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. सकाळपासून काम करून त्याने साइज ४०.६० पर्यंत आणली. मग हिशेब केला. अजून ०.६० काढायचे. एक रेघ ०.०५ ची. म्हणजे १२ रेघा. त्याने मोजून १२ रेघा दिल्या, कट घेतला, मशीन थांबवलं आणि मायक्रोमीटर लावला. ३९.४०. त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ३९.४०.

मुलांनो, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. आपल्या केंद्रातलं लेथ डायाचं आहे. त्या वर्कशॉपमधलं रेडियसचं होतं. १२ रेघांनी टूल ०.६० आत गेलं आणि व्यासातून १.२० गेले. उलट झालं असतं, म्हणजे रेडियसवर शिकलेला मुलगा डायाच्या मशीनवर गेला असता, तर जॉब जाड राहिला असता आणि आणखी एक कट घेऊन भागलं असतं. लोखंड जास्त उरलं तर पुन्हा काढता येतं. निघून गेलेलं लोखंड परत लागत नाही.

मालकाने बेअरिंग त्या शाफ्टवर चढवलं आणि सगळ्या कामगारांसमोर खुळखुळ हलवून दाखवलं. म्हणाला, या लोकांना जंगलातच राहू द्यायला पाहिजे, गणित यांच्या डोक्यात बसत नाही. लोखंडाचे आणि दिवसाच्या कामाचे पैसे पगारातून कापले. मुलगा एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी पिशवी उचलली आणि मिळेल त्या एसटीने घरी गेला. आपल्या केंद्राच्या फाटकावरून ती एसटी जाते. तो उतरला नाही.

आम्हाला हे महिनाभराने कळलं, तेही मंडळीतल्या एका भावाकडून. मुलाने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि दिवाळी झाली की तो आईला घेऊन ऊसतोडीला गुजरातला जाणार होता. ऊसतोडीचा हिशेब इथल्या बहुतेकांना माहीत आहे. मुकादमाच्या वहीत एक कोयता लिहितात आणि फडात दोन माणसं राबतात. इथे आई आणि मुलगा मिळून एक कोयता होणार होता.

गुरुजी आणि मी त्याच्या पाड्यावर गेलो. मी त्याला पहिलं वाक्य काय बोलले ते आज सगळ्यांसमोर कबूल करते. मी म्हणाले, "बाळा, तुझं लक्ष कुठे होतं?"

तो म्हणाला, "ताई, बाराच रेघा दिल्या."

"मोजायला चुकला असशील. चोवीस दिल्या असशील."

"नाही ताई. बारा."

त्याचा आवाज चढला नाही. पण मान खाली गेली. मालकाने त्याला जे म्हटलं होतं तेच मी गोड भाषेत म्हटलं होतं, हे मला तेव्हा कळलंही नाही.

गुरुजी तोवर गप्प होते. त्यांनी विचारलं, "तिथल्या डायलवर एका फेऱ्यात किती रेघा होत्या?"

"शंभर, गुरुजी. आपल्यासारख्याच."

"आणि एका फेऱ्यात स्लाइड किती सरकायची?"

मुलगा थोडा वेळ आठवत राहिला. मग अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून म्हणाला, "आपल्यापेक्षा जास्त सरकायची. मला वाटलं मशीन जुनं आहे, सैल झालं आहे."

गुरुजींनी डोक्याला हात लावला. मला म्हणाले, "ताई, चूक याची नाही, माझी आहे. मी याला आपलं एक मशीन शिकवलं आणि समजलो की लेथ शिकवलं."

आई बाजूला बसून ऐकत होती. तिला मराठी थोडं समजतं. मुलाने तिला तिच्या बोलीत सगळं समजावलं, की रेघ तीच पण तिकडे ती दुप्पट कापते. ती लगेच काहीतरी म्हणाली आणि मुलगा किती दिवसांनी हसला. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "आई म्हणते, मग तू विचारलं का नाहीस, कोणता मण?"

सीमेवरच्या लोकांना हे सांगायला नको, पण दुरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. पलीकडे गुजरातच्या बाजारात कापसाचा भाव मणावर बोलतात आणि तो मण २० किलोचा. आपल्याकडची म्हातारी माणसं मण म्हणजे ४० शेर धरतात, म्हणजे साधारण ३७ किलो. शब्द एकच, माप जवळजवळ दुप्पट. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई बाजारात भाव ऐकला की आधी विचारते, कोणता मण? तिला कुणी अडाणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, बाई हुशार आहे, हिला फसवता यायचं नाही.

मग तिच्या मुलाने मालकाला का विचारलं नाही? त्याने फरक पाहिला होता. स्लाइड जास्त सरकते हे त्याच्या डोळ्यांना दिसलं होतं. पण विचारलं तर काय होईल हेही त्याला माहीत होतं. शहरातल्या मुलाने विचारलं तर लोक म्हणतात, पोरगा सावध आहे. आपल्या मुलाने तेच विचारलं तर म्हणतात, याला येत नाही. ही भीती त्याच्या मनात आधीपासून होती, आणि ती काढण्यासाठी आपण वर्षभरात काहीच केलं नव्हतं. आपण त्याला गणित शिकवलं, टूल घासायला शिकवलं, भक्तीही शिकवली. प्रश्न विचारायला शिकवलं नाही.

म्हणून मुलांनो, निघण्याआधी एवढं ऐकून जा. हे गुरुजींनी मला शिकवलं आणि मी स्वतः मशीनवर करून पाहिलं आहे.

नव्या मशीनवर गेलात की आधी डायलवर आणि आजूबाजूच्या पाटीवर काही लिहिलं आहे का ते बघा. व्यासाचं चिन्ह, म्हणजे गोलातून तिरपी रेघ, किंवा व्यासाबद्दल काही शब्द असतील. असले तर चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या मशीनचं कडं कधी बदललेलं असतं, स्क्रूही बदललेला असतो.

मग कट न घेता पारख करा. त्याला शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. हँडल आधी आतल्या दिशेने थोडं फिरवून घ्या, म्हणजे सैलपणा निघेल. मग डायल शून्यावर लावा आणि स्लाइड कुठे आहे तिथे खूण करा. आता चार पूर्ण फेरे द्या. समजा एका फेऱ्यात १०० रेघा आहेत आणि एक रेघ ०.०५ ची, तर डायलच्या हिशेबाने चार फेऱ्यांचे २० मिलिमीटर होतात. पट्टीने मोजा. स्लाइड २० सरकली असेल तर डायल रेडियसचा. १० च सरकली असेल तर डायाचा. इतका मोठा फरक आहे की डोळे अधू असले तरी दिसेल.

वर्कशॉपमध्ये मॅग्नेटवर बसणारा डायल गेज असेल तर काम आणखी सोपं. गेज स्लाइडला टेकवा, १० रेघा द्या आणि काटा किती सरकला ते वाचा. ०.५० सरकला तर रेडियस, ०.२५ सरकला तर डाया.

तिसरी पारख कटची. भंगारातला एखादा तुकडा चकमध्ये धरा, त्यावर हलका कट मारून साफ करा आणि मोजा. समजा ३०.०० आला. आता १० रेघा देऊन तेवढ्याच लांबीवर कट घ्या आणि पुन्हा मोजा. २९.५० आला तर डायल व्यास सांगतो. २९.०० आला तर डायल त्रिज्या सांगतो. जी पारख कराल ती मालकाच्या जॉबवर करू नका, भंगारावर करा.

आणि या तिन्ही पारखी केल्या तरीही साइजच्या जवळ आल्यावर सगळं एका दमात देऊ नका. त्या दिवशी ०.६० उरले होते तेव्हा १२ रेघांऐवजी ४ रेघा दिल्या असत्या तर? डायाच्या हिशेबाने ४०.४० यायला हवं होतं, आलं असतं ४०.२०. तिथे हात थांबला असता, डोकं चाललं असतं आणि शाफ्ट वाचला असता. डायल सांगतो किती द्यायचं, पण किती गेलं ते मायक्रोमीटरच सांगतो.

हँडल दोन रेघा पुढे गेलं तर नुसतं दोन रेघा मागे आणून काम चालत नाही. स्क्रू आणि नट यांच्यात प्ले असतो, त्यामुळे डायल मागे येतो पण टूल जागचं हलत नाही. अर्धा फेरा मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत हव्या त्या रेघेवर थांबा.

अजून एक. एकाच मशीनवर दोन डायल दोन तऱ्हेचे असू शकतात. क्रॉस स्लाइडचा डायल व्यास सांगत असला तरी तिच्यावरची कंपाउंड स्लाइड हव्या त्या कोनात फिरवता येते, म्हणून तिचा डायल सहसा टूल सरळ किती सरकलं तेच सांगतो. कॅरेजचा आणि टेलस्टॉकचा डायल तर लांबीच सांगणार. म्हणून एका डायलची पारख दुसऱ्याला लावू नका.

ड्रॉइंग वाचतानाही हाच प्रश्न विचारा. ४० च्या शाफ्टवर सरक्लिप बसवायची असेल तर खाचेचा व्यास ३७.५० असतो. कुणी तुम्हाला सांगेल की खाच १.२५ खोल घे. दोन्ही एकच गोष्ट आहे. पण डायाच्या डायलवर त्यासाठी २.५० द्यावे लागतील आणि रेडियसच्या डायलवर १.२५. आटे पाडतानाही तसंच. १६ मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर पिचच्या बोल्टच्या आट्याची खोली १.२२७ असते. ती एका बाजूची खोली आहे. व्यासातून तिच्या दुप्पट जातं. पुढे कुणी सीएनसीवर गेलात तर तिथे आडव्या अक्षाचा आकडा बहुधा व्यासात देतात, पण तिथेही पहिल्या दिवशी विचारून घ्या.

आता थोडं शास्त्राकडे वळते. माझं मूळ काम ते आहे.

पहिल्या राजांच्या सातव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराचं काम करणारा एक कारागीर भेटतो. सोर शहरचा हीराम. पितळेच्या कामात निष्णात. तोही एका विधवेचा मुलगा होता. त्याने एक प्रचंड गोल हौद ओतला. त्याचं माप लिहिताना शास्त्र नुसतं दहा हात म्हणून थांबत नाही. कुठपासून कुठपर्यंत दहा हात ते सांगतं, एका काठापासून समोरच्या काठापर्यंत. घेराचं माप वेगळं सांगतं, उंचीचं वेगळं. पूर्वी मी हा अध्याय वाचताना ही मापं भराभर ओलांडून पुढे जात असे. आता थांबते. ज्याने ते लिहिलं त्याला ठाऊक होतं की आकडा एकटा पुरत नाही. कुठपासून कुठपर्यंत, हे सांगितलं तरच तो आकडा दुसऱ्याच्या कामाचा.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना बजावतो की एकाच थैलीत लहान आणि मोठी अशी दोन वजनं बाळगू नका. या वचनावर मी पुष्कळदा बोलले आहे आणि दरवेळी माझं बोट सावकाराकडे होतं. त्या पाड्यावरून परत येताना ते बोट माझ्याकडे वळलं. लेथचे दोन डायल म्हणजे काही लबाडी नव्हे, ते मी आधीच सांगितलं. पण जगात दोन मापं चालतात हे ज्याला माहीत आहे त्याने ज्याला माहीत नाही त्याला सांगितलं नाही, आणि वर त्यालाच दोष दिला, तर तो न्याय कसा? त्या मालकाने सांगितलं नाही. आपणही सांगितलं नव्हतं. आणि मी तर एका शाफ्टवरून मुलाला मोजलं होतं, मी कोणत्या मापाने मोजते आहे हे न पाहता.

आम्ही त्या मालकाला भेटलो. गुरुजींनी शांतपणे सगळं समजावलं. तो म्हणाला, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. कापलेले पैसे त्याने परत दिले नाहीत. त्याच्यासाठीही आपण प्रार्थना करू या.

मुलालाही त्या वर्षी आपण थांबवू शकलो नाही. उचलीचे पैसे घराच्या छपराला लागले होते आणि मुकादमाला शब्द दिलेला होता. आई आणि तो सगळा हंगाम ऊस तोडायला गेले. होळीनंतर परत आले तेव्हा त्याच्या तळहातांवर घट्टे होते आणि मला वाटलं, आता हा मायक्रोमीटर कसा धरणार. पण तो स्वतःहून केंद्रात आला. गुरुजींकडे दोन आठवडे बसला. मग दुसऱ्या एका ठिकाणी कामाला लागला. पहिल्या दिवशी त्याने खिशातून कंपासपेटीतली पट्टी काढली आणि चार फेरे देऊन स्लाइड मोजली. तिथल्या मिस्त्रींनी विचारलं, काय करतोस रे? याने सांगितलं. मिस्त्री म्हणाले, बरं झालं, आता त्या कोपऱ्यातल्या मशीनचंही बघ. तो तिथे आजही काम करतो. आज रजा घेऊन आला आहे.

केंद्रात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. आपल्या लेथवर ऑइल पेंटने मराठीत लिहिलं, एक रेघ म्हणजे व्यासात ०.०५. दुसरं, गुरुजींनी जाड कागदाचं एक कडं बनवलं. आपल्या लेथची स्लाइड एका फेऱ्यात २.५ मिलिमीटर सरकते, म्हणून त्यांनी त्या कागदावर ५० समान रेघा मारल्या. ते कडं डायलवर चढवलं की एक रेघ टूलच्या ०.०५ ची होते आणि आपलं डायाचं मशीन रेडियसचं होतं. या तुकडीतल्या प्रत्येक मुलाने दोन्ही कड्यांवर तोच जॉब केला आहे. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक मुलगा उभा राहतो, दुसरा मालक होतो, आणि उभा असलेला मान वर करून मोठ्याने विचारतो, "शेट, या मशीनचा डायल रेडियसवर आहे की डायावर?" सुरुवातीला आवाज निघत नव्हते. आता वऱ्हांड्यापर्यंत ऐकू येतात.

मदत करणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती. कागदाचं कडं तेलाने भिजतं आणि दर महिन्याला नवं करावं लागतं. रेडियसच्या डायलचं एखादं जुनं, चालू स्थितीतलं लेथ कुणाच्या वर्कशॉपमध्ये पडून असेल तर आमची आठवण ठेवा. मॅग्नेटसह एक डायल गेज मिळाला तरी पुष्कळ होईल.

आणि आईवडिलांनो, तुम्हाला एवढंच सांगते. मुलगा घरी आला आणि म्हणाला की काम चुकलं, तर माझ्यासारखं पहिलं वाक्य बोलू नका. आधी त्याला विचारा, काय दिलं होतंस आणि काय आलं? त्याने बारा रेघा म्हटल्या तर बारावर विश्वास ठेवा आणि मग पुढचं शोधा.

मुलांनो, आज दाखल्याबरोबर तुम्हाला प्रत्येकी सहा इंची स्टीलची पट्टी मिळणार आहे. ती खिशात ठेवा. मशीन नवं असो, मालक नवा असो की गाव नवं असो, त्या आईचा प्रश्न विसरू नका. कोणता मण?

प्रभू तुमच्या हातांच्या कामाला यश देवो, आणि तुम्ही ज्याच्या हाताखाली काम कराल त्याला ऐकणारे कान देवो. आमेन.